खाऱ्या वाऱ्यात स्वस्तातले जुने व्हॅक्यूम क्लीनर जपताना

कोकणातल्या घरात जुना व्हॅक्यूम क्लीनर सापडतो तो बहुतेक माळ्यावर. मुंबईच्या बिऱ्हाडात नवं मशीन आलं की जुनं चतुर्थीच्या सामानात बांधून गावी येतं, दोन-चार वर्षं गणपतीआधी जळमटं काढायला चालतं, आणि एकदा पाइप चिरला की कायमचं वर जातं. दुसरी वाट आखाताची. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावांतून कुवेत, दुबई, मस्कतला गेलेल्या माणसांनी सुट्टीवर येताना आणलेली मशीनं असतात. त्यांना तीन चौकोनी पायांची, आत फ्यूज असलेली ब्रिटिश पद्धतीची पिन असते. तिसरी वाट बोटीवरची: जपानी बंदरांतून खलाशांनी आणलेली १०० व्होल्टची मशीनं. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरची संख्येची बंधनं आपल्याकडे पूर्ण उठली ती १ एप्रिल २००१ ला. तोवर परदेशी मशीन घरात यायचं ते बहुतेक असंच, कोणाच्या तरी सामानातून.

आम्ही कुडाळ-मालवणच्या पट्ट्यात ही मशीनं गोळा करतो, आणि त्यातही मुद्दाम स्वस्तातली. नावाजलेल्या कंपनीचं मशीन कोणी ना कोणी जपतं. त्याचे सुटे भाग मिळतात, माहितीपत्रक मिळतं. थोडी वर्षं चालून बंद पडलेल्या छोट्या कारखान्याचं मशीन मात्र थेट भंगारात जातं. पण खर्च कुठे वाचवला, काय गाळलं, कशाच्या जागी काय बसवलं, हे अशाच मशीनमध्ये उघडं दिसतं. म्हणून आमचा पहिला नियम असा, की दुरुस्ती करायची ती मशीन सुरक्षित चालेल एवढीच. बुशच्या, म्हणजे मोटरचा गज ज्यात फिरतो त्या साध्या नळीच्या, जागी बेअरिंग बसवलं तर ते जास्त टिकेल, यात शंका नाही. पण ज्यासाठी ते घरात आणलं तीच गोष्ट त्यातून निघून जाईल.

घरगुती व्हॅक्यूम क्लीनरची सुरुवातच मुळात हाताशी असलेल्या सामानातून झाली. ह्युबर्ट सेसिल बूथ याचं १९०१ सालचं इंग्लंडमधलं यंत्र घोडागाडीवर बसवलेलं होतं. गाडी रस्त्यावर उभी राहायची आणि पाइप खिडकीतून घरात जायचा. अमेरिकेत जेम्स मरे स्पँग्लर याने पंख्याची मोटर, साबणाची पेटी, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून एका माणसाला वापरता येईल असं मशीन केलं. त्याचं पेटंट १९०८ चं. पुढे ते हूवर यांच्याकडे गेलं. इलेक्ट्रोलक्सने १९२१ मध्ये जमिनीवर घसरत मागे येणारं आडवं मशीन आणलं, आणि आपल्या माळ्यांवर सापडणाऱ्या बहुतेक मशीनांचा घाट तोच आहे. भारतात १९८२ साली युरेका फोर्ब्ज सुरू झाली आणि तिच्या विक्रेत्यांनी दारोदार जाऊन प्रात्यक्षिकं दाखवली. शहरातल्या मराठी घरांना ही वस्तू ओळखीची झाली ती त्यानंतर.

मशीन स्वस्तातलं आहे हे बाहेरून चार-पाच जागी कळतं. वायर आत ओढून घेणारी स्प्रिंगची चकरी नसते, वायर दोन आकड्यांना गुंडाळायची असते. चाकं धुऱ्यावर फिरत नाहीत, नुसती बाहेरून दाबून बसवलेली असतात. झाकणाला रबरी वायसराऐवजी फोमची पट्टी असते. खालच्या भागाला स्क्रू चार हवेत तिथे तीन असतात, आणि ते थेट प्लॅस्टिकच्या खांबात पिळलेले असतात. नाव कोरलेलं किंवा साच्यात उठवलेलं नसतं, स्टिकरवर असतं. या शेवटच्या गोष्टीकडे नीट पाहावं, कारण एकाच साच्याचं मशीन वेगवेगळ्या स्टिकरांखाली सापडतं. खरी ओळख साच्याची असते. तळाला आतून साचेकाराने घातलेला आकडा किंवा एखादी खूण असते, ती आम्ही नावापेक्षा आधी टिपून घेतो.

मशीन घेताना घरातलं माणूस कौतुकाने सांगतं, "गेल्या चतुर्थीक चालू होतो, लावन् बघा." काकींना तेवढं नम्रपणे नाही म्हणावं. पावसाळा काढलेलं मशीन तिथल्या तिथे प्लगमध्ये घालणं हा ते जाळण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. ओल शोषलेल्या वाइंडिंगला, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या गुंडाळ्यांना, पूर्ण २३० व्होल्ट मिळाले की कमजोर इन्सुलेशन तिथेच फुटतं. आणि बोटीवरचं १०० व्होल्टचं मशीन असेल तर ओलीचीही गरज नाही: दुपटीहून जास्त व्होल्टेज म्हणजे ढोबळ हिशेबाने चौपटीहून जास्त वॅट, आणि काही सेकंदांत धूर. म्हणून आधी रेटिंगची, म्हणजे व्होल्ट-वॅट लिहिलेली, पट्टी वाचायची. स्टिकर पुसट झालं असेल तर टॉर्च बाजूने तिरका धरला की छापाचे दाब दिसतात. तिथेच पातळ कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्यायचा, कारण घरी नेईपर्यंत स्टिकर गळून पडलेलं असतं.

तिथे करायच्या तपासण्या विजेशिवायच्या. पाइपच्या तोंडातून फुंकर मारायची; हवा गेली नाही तर आत कुंभारीण माशीने मातीची घरटी केली आहेत असं धरून चालावं. मागच्या जाळीतून काडी घालून पंखा फिरतो का पाहायचा. अजिबात फिरत नसेल तरी मशीन सोडायचं नाही, बुश गंजून धरलेला असतो आणि तो सुटतो. नाक जाळीला लावून वास घ्यायचा. कुबट वास चालतो. जळक्या व्हार्निशचा उग्र वास येत असेल तर आर्मेचर, म्हणजे मोटरचा तार गुंडाळलेला फिरता भाग, गेलेलं आहे, किंमत तशी सांगायची. वायर उंदराने कुरतडलेली असली तर काही बिघडत नाही, ती बदलायचीच असते. भंगारवाले मशीन तांब्याच्या वजनाने मोजतात, आणि कित्येक स्वस्त मोटरांत फील्डची, म्हणजे न फिरणाऱ्या भागाची, कॉइल ॲल्युमिनियमच्या तारेची असते. हे त्यांना माहीत असतं. तांबं निघणार नाही हे दिसलं की ते मशीन कमी पैशांत अख्खंच देतात.

आता एक मशीन जवळून पाहू. आडवं, दोन कवचांचं, तपकिरी आणि मळकट पांढऱ्या रंगाचं, पट्टीवर ६०० वॅट आणि २३० व्होल्ट एवढंच वाचता येणारं. या प्रकारची मशीनं आमच्याकडे बरीच आली आणि सगळ्यांच्या आत जवळपास सारखंच चित्र असतं.

स्क्रू काढायच्या आधी प्रत्येकाच्या डोक्यावर गंजविरोधी तेलाचा एक थेंब टाकून रात्रभर ठेवायचं. घाईने फिरवलं की गंजलेला स्क्रू खांबासकट फिरतो आणि खांब बुडातून तुटतो. गंजाचं आकारमान मूळ लोखंडापेक्षा बरंच जास्त असतं, त्यामुळे कित्येक खांब आपण हात लावण्याआधीच आतून चिरलेले असतात. तरीही स्क्रू हलला नाही तर सोल्डरिंग गनचं टोक त्याच्या डोक्यावर दहा-पंधरा सेकंद धरायचं. भोवतीचं प्लॅस्टिक किंचित मऊ होतं आणि पकड सुटते. निघालेले स्क्रू पुठ्ठ्यावर मशीनचा आकार काढून त्या त्या जागी खोचून ठेवायचे. स्वस्त मशीनमध्ये एकाच कवचाला तीन लांब्यांचे स्क्रू असणं नेहमीचं आहे, आणि लांब स्क्रू आखूड जागी गेला तर थेट वायरमध्ये घुसतो.

कवच उघडलं की पहिल्यांदा काळी-तांबूस भुकटी सांडते. तो फिल्टरचा फोम. पॉलियुरेथेन फोम दमट हवेत पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन आतून तुटत जातो. घाटावर पंधरा-वीस वर्षं टिकणारा फोम किनाऱ्यावर त्याच्या खूप आधी चिकट होऊन मग भुगा होतो. ही भुकटी मोटरमध्ये ओढली गेली की कार्बन (फिरत्या भागाला वीज पोचवणारे कांड्यांसारखे तुकडे) अडकतात, म्हणून कवच उघडताना मशीन उलटं, पंखा वर राहील असं धरायचं. पिशवीच्या कप्प्यात पालीची अंडी, झुरळांच्या कोशिका आणि जांभ्याची तांबडी धूळ असते. ही धूळ साध्या मातीपेक्षा वाईट. तिचे बारीक कण लोहाच्या ऑक्साइडचे, कापडाच्या पिशवीतून आरपार जाणारे आणि घासणारे. स्वस्त मशीनमध्ये पिशवीतून आलेली हवाच मोटर थंड करते, त्यासाठी वेगळा वाऱ्याचा मार्ग ठेवलेला नसतो. पिशवी विरली की तांबडी धूळ सरळ कम्युटेटरवर, म्हणजे कार्बन ज्यावर घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलावर, येते.

मोटर काढल्यावर ती कवचापासून दूर न्यायची आणि कवचाचं काम वेगळं करायचं. मोटरच्या वाइंडिंगवर पांढुरकी साय दिसली तर ते मीठ आहे. इथे पुष्कळ लोक मोटर नुसती वाळवतात, आणि पुढच्या आषाढात ती परत ओलावते, कारण मीठ हवेतलं पाणी ओढतच राहतं. मीठ आधी धुऊनच काढावं लागतं. पंखा आणि कार्बन काढून मोटर पावसाच्या साठवलेल्या पाण्यात बुडवायची, मऊ ब्रशने हलकं फिरवायचं, पाणी दोन-तीनदा बदलायचं. विहिरीचं पाणी यासाठी घेऊ नये. किनाऱ्यालगतच्या बऱ्याच विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं आणि त्याने मीठ जाण्याऐवजी येतं. पावसाचं पाणी नसेल तर फिल्टरचं वापरावं. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात बुडालेली मशीनं आमच्याकडे येतात, त्यांना तर आधी धुण्यावाचून गत्यंतर नाही. गाळ खाचांत सुकून घट्ट बसलेला असतो आणि तो कोरडा खरवडला की तारेचं इनॅमल निघतं.

मग वाळवण. पत्र्याच्या डब्यात मोटर जाळीवर ठेवायची, खाली ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब, वर झाकणाला बोटभर भोक. आतलं तापमान ६० ते ७० अंशांत राहिलं पाहिजे, स्वयंपाकाचा थर्मामीटर भोकातून सोडून बघता येतं. निदान दोन दिवस. अधूनमधून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) वाइंडिंग आणि मोटरचा गज यांच्यामधलं इन्सुलेशन मोजायचं. वाळवणाच्या सुरुवातीला आकडा वाढण्याऐवजी खाली येतो. त्याने घाबरून बल्ब बंद करू नये. उष्णतेने आतली ओल बाहेर सरकत असते. पुढे तो चढू लागतो आणि एका जागी थांबतो. मोटर पूर्ण निवल्यावर शेवटचं माप घ्यायचं. २ मेगाओहमच्या खाली असेल तर आम्ही मशीन लाइनला लावत नाही. माप चांगलं आलं की हवेत वाळणारं इन्सुलेशन व्हार्निश पातळ करून कॉइलवर सोडायचं, कम्युटेटर आणि बुश कागदाने झाकून.

कम्युटेटरचा रंग नीट वाचता आला पाहिजे. सगळीकडे सारखा चॉकलेटी थर असेल तर तो चांगला आहे, त्याला पॉलिश पेपर लावून चकचकीत करू नये. कार्बन त्याच थरावर नीट चालतो. एखाद-दुसरी पट्टीच जळून काळी पडली असेल तर तिथल्या कॉइलची जोडणी तुटली आहे किंवा कॉइल शॉर्ट आहे. मल्टिमीटर सर्वांत खालच्या ओहमवर लावून शेजारशेजारच्या पट्ट्यांमधलं माप फिरवत फिरवत घ्यायचं. आकडा किती येतो यापेक्षा तो सगळीकडे सारखा येतो का, याला महत्त्व आहे. एक माप दुप्पट किंवा शून्याजवळ आलं तर आर्मेचर वाइंडिंगवाल्याकडे ग्राउलरवर, म्हणजे आर्मेचर तपासायच्या यंत्रावर, तपासून घ्यावं. दोन्ही फील्ड कॉइलचीही मापं सारखी यायला हवीत. पट्ट्यांमधल्या अभ्रकाच्या फटींत कार्बनची भुकटी आणि तांबडी धूळ ठासलेली असते. ती दाभणाने ओढून काढायची, तांब्याला ओरखडा न पाडता.

कार्बन १० मिमीपेक्षा आखूड झाले असतील तर बदलायचे. जुन्या स्वस्त मशीनचे मापाचे कार्बन मिळत नाहीत; त्यापेक्षा थोडे मोठे घेऊन पॉलिश पेपर काचेवर पसरून त्यावर घासून मापात आणायचे. कार्बन नळीत सैल सरकला पाहिजे, पण डगमगता कामा नये. ड्रिल मशीनचे कडक कार्बन घालण्याचा मोह टाळावा, स्वस्त मोटरची तांब्याची पट्टी पातळ असते आणि ती खाऊन जाते. कार्बनची स्प्रिंग लोखंडी असेल तर ती आमच्या हवेत हमखास गंजलेली निघते. दाब कमी झाला की ठिणग्या वाढतात. नवा कार्बन बसवल्यावर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरची पट्टी, खरबरीत बाजू कार्बनकडे करून, कम्युटेटरवरून मोटर फिरते त्याच दिशेने ओढायची. कार्बनच्या टोकाला गोलाई आली की पुरे. काळा एमरी कागद इथे वापरू नये, त्याचे कण फटींत बसून त्रास देतात.

आता बुश. या मशीनमध्ये पंख्याच्या बाजूला ६०८ नंबरचं बेअरिंग असतं, ८ मिमीचा गज, २२ मिमीचा बाहेरचा व्यास, ७ मिमी जाडी, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं. कार्बनच्या बाजूला मात्र ब्राँझची भुकटी दाबून केलेला बुश आणि त्याभोवती तेल धरणारी नमद्याची चकती. दोन्हीकडे बेअरिंग घालायचा खर्च इथे वाचवलेला आहे. चकती सुकून दगड झालेली असते. ती काढून पातळ टर्बाइन तेलात कोमट करून रात्रभर भिजवायची आणि परत घालायची. खोबरेल तेल इथे कधीही घालू नये. आपल्याकडे शिवणयंत्रापासून कडीकोयंड्यापर्यंत सगळ्याला तेच घालायची सवय आहे, आणि कित्येक धरलेल्या बुशांत तेच गोंदासारखं घट्ट झालेलं सापडतं. शिवणयंत्राचं तेल तात्पुरतं चालतं, पण या वेगाला लवकर उडून जातं.

पंख्याला हात लावताना सगळ्यात जास्त जपायचं. पत्र्याचं आवरण नुसतं दाबून बसवलेलं असतं, ते चपट्या स्क्रू ड्रायव्हरने भोवताली थोडं थोडं उचलत काढायचं. एका बाजूने उपसलं की वाकतं आणि मग पंखा घासतो. नटाचा आटा उलटा असू शकतो. मोटर ज्या दिशेने फिरते त्या दिशेने नट सैल होणार नाही असाच तो ठेवलेला असतो, तेव्हा फिरण्याची दिशा आधी बघायची आणि मग पाना लावायचा. पंख्याची पाती ॲल्युमिनियमच्या दोन चकत्यांमध्ये रिबिटांनी बसवलेली असतात आणि खाऱ्या हवेने त्यांवर पांढरी पूड चढते. ती ओल्या मऊ ब्रशने काढायची. धुण्याचा सोडा लावू नये, त्याने ॲल्युमिनियम खाल्लं जातं. पॉलिश पेपरही नाही. या मोटरी मिनिटाला २०,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतात. १० सेंटिमीटर व्यासाच्या पंख्याची कड त्या वेगाला ताशी सुमारे ३७७ किलोमीटरने जाते, आणि कडेला एका बाजूस एक ग्रॅम मळ राहिला तर गजावर सुमारे २२ किलोची ओढ येते. रिबीट हलत असेल तर तो पंखा फिरवायचा नाही, मशीन न चालणारा नमुना म्हणून ठेवायचं. पंखा काढलेला असताना मोटर पूर्ण व्होल्टेजवर लावण्याचाही विचार करू नये. भार नसलेली अशी मोटर वेग घेतच जाते.

स्विचजवळ रेडिओची खरखर थांबवणारा एक कपॅसिटर असतो. जुना कागदी कपॅसिटर ओलीने गळका होतो आणि पत्र्याच्या मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात त्या बऱ्याचदा त्याच्यामुळे. फेज आणि न्यूट्रलमधला कपॅसिटर २७५ व्होल्टच्या एक्स-२ जातीचाच घालायचा, पत्र्याला जोडलेला असेल तर तो वाय-२ जातीचा, आणि मूळचा पिशवीत घालून चिठ्ठीसह मशीनलाच बांधून ठेवायचा. वायर तीन तारांची, ०.७५ चौरस मिमीची. मूळची दोन तारांची असेल आणि मशीन पत्र्याचं असेल तर अर्थची तार जोडणं ही एकमेव सुधारणा आम्ही न कचरता करतो. जुन्या वायरींत लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ असते. नव्या वायरीत तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी. आपल्याकडे आणखी एक गोष्ट: जांभ्याच्या सड्यावरच्या, म्हणजे खडकाळ पठारावरच्या, घरांना उन्हाळ्यात अर्थिंग नीट मिळत नाही, खडक कोरडा पडतो. त्यामुळे ३० मिलिॲम्पिअरच्या आरसीसीबीशिवाय (विजेची गळती होताच लाइन तोडणाऱ्या स्विचशिवाय) जुनं मशीन लावायचं नाही.

पहिल्यांदा चालू करताना मशीनच्या आधी २०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये. तो लख्ख पेटून राहिला आणि मोटर हललीच नाही तर आत शॉर्ट आहे किंवा गज धरलेला आहे. लाल राहिला आणि मोटर रेंगाळत फिरली तर ठीक. मग बल्ब काढून डिमरस्टॅटवर, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, ६० व्होल्ट, दहा मिनिटं. १००, अर्धा तास. नवे कार्बन इथेच बसतात. मग १५०, १८०, आणि शेवटी २३०. कार्बनच्या मागच्या कडेला बारीक निळसर ठिणगी चालते. पिवळ्या ठिणग्या कम्युटेटरभोवती गोल फिरू लागल्या तर तत्काळ बंद. आवाजाकडेही कान ठेवावा: पाइप कुठे तुंबला की आवाज चढतो, आणि पुष्कळांना वाटतं की मोटरवर ताण आला. उलट आहे. हवा ओढायची राहिली नाही म्हणून भार उतरतो, वेग वाढतो, वीज कमी खेचली जाते. पण थंड करणारी हवाही थांबते, आणि मोटर तापते ती त्याने.

ओढ मोजायला गवंड्याची पारदर्शक लेव्हलची नळी उत्तम. तिचा इंग्रजी यू-सारखा आकार करून भिंतीला बांधायची, अर्धी पाण्याने भरायची, एक टोक मशीनच्या तोंडाला बुचातून हवाबंद जोडायचं आणि दोन्ही बाजूंच्या पातळ्यांतला फरक वाचायचा. दहा सेकंदांत वाचून बंद. ६०० वॅटचं स्वस्त मशीन १०० ते १३० सेंटिमीटर पाणी उचलतं. ८० च्या खाली आलं तर आधी झाकणाची पट्टी बघावी, मोटरला दोष देऊ नये.

ती पट्टी, म्हणजे फोमची जुनी कडा, डांबरासारखी झालेली असते. लाकडी काडीने खरवडून तिथे ईव्हीए फोमची १० मिमी रुंद पट्टी चिकटवायची. हा फोम दमट हवेत टिकतो. कवच कशाचं आहे हे ठरवल्याशिवाय चिकटवायला घेऊ नये. तुटका तुकडा पाण्यात टाकायचा: तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन, त्याला नेहमीचा गोंद धरत नाही, आतून पट्टी लावून बारीक स्क्रूने जोडावं लागतं. बुडाला तर आतल्या बाजूला ॲसिटोनचा थेंब टाकायचा. चिकट झाला तर एबीएस किंवा पॉलिस्टायरीन. एबीएसचे निरुपयोगी तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून केलेली लापशी तड बुजवायला सर्वांत चांगली. चिरलेल्या खांबाभोवती तांब्याची बारीक तार घट्ट गुंडाळून वर अराल्डाइट लावलं की तो पुन्हा स्क्रू धरतो. पिवळेपणा आम्ही काढत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडने तो जातो, पण पृष्ठभाग ठिसूळ होतो असा आमचा अनुभव आहे, आणि स्वस्त प्लॅस्टिकला गमावण्यासारखं फार काही उरलेलं नसतं.

पाइप तोंडाच्या तीन-चार बोटं पुढे चिरतो, तिथेच तो सतत वाकतो. तेवढा भाग कापून टाकायचा आणि तोंडाची कडी परत पिळायची. ती बऱ्याच पाइपांवर आट्यासारखी फिरत बसते, बहुधा उलट दिशेने. आतली मातीची घरटी काठीने फोडू नयेत, तार वाकते. पाइप कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवला की माती आपोआप विरघळते. वाळल्यावर दोन्ही तोंडांना जाळीचं कापड बांधायचं, नाहीतर कुंभारीण परत येते. क्रोमच्या नळीवरचा गंज ॲल्युमिनियमची फॉइल पाण्यात भिजवून घासली की निघतो. नंतर मेणाचं पॉलिश. पिशवी मांजरपाटाची, दुहेरी, शिवणी आतल्या बाजूला घालून शिवून घ्यावी. मूळची पिशवी धुवायची नाही, झटकून कागदात ठेवायची.

ठेवण्याची जागा म्हणजे माळा नव्हे. कौलांखाली उन्हाळ्यात प्लॅस्टिक वाकतं आणि पावसात पागोळी येते. भिंतीपासून हातभर सोडून उभं केलेलं फळ्यांचं कपाट, मागून हवा खेळणारं, तळाशी १५ वॅटचा बल्ब. मृग लागल्यापासून नारळी पौर्णिमेपर्यंत तो रात्रंदिवस चालू. प्लॅस्टिकच्या पिशवीत मशीन बांधू नये, आत घाम धरतो. जुनी सुती चादर पुरते. सिलिका जेलच्या पुड्या मोटरजवळ ठेवायच्या आणि रंग बदलला की तव्यावर गरम करून परत वापरायच्या. ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत महिन्यातून एकदा, कोरड्या दुपारी, प्रत्येक मशीन दोन मिनिटं चालवायचं. पावसात चालवायचं नाही.

प्रत्येक मशीनला पुठ्ठ्याची चिठ्ठी सुतळीने बांधलेली असते. साच्याची खूण, पट्टीवरचे आकडे, वजन, कॉइलची मापं, कार्बनची लांबी, मेगरचा आकडा, पाण्याची उंची, आणि काय बदललं. बॉलपेनची शाई दमट हवेत फुटते, म्हणून पेन्सिलीनेच लिहायचं. जी मशीनं दुरुस्त होण्यापलीकडची असतात त्यांतून एवढं काढून ठेवावं: कार्बनच्या नळ्या, पितळी स्प्रिंगा, स्विच, पाइपच्या कड्या, झाकणाची खिटी, चाकं. झाकणाची खिटी सगळ्यात आधी. स्वस्त मशीनमध्ये तीच पहिली तुटते, साच्यागणिक वेगळी असते, आणि ती नसली की झाकण बसत नाही आणि बाकी सगळं ठीक असूनही मशीन धूळ ओढत नाही.